भिंतीवरचा चीन : प्रचारपोस्टरांच्या अभ्यासाचा आढावा

चीनमध्ये १९४९ साली कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आली आणि पुढची जवळपास चार दशके तिथल्या भिंती सरकारी पोस्टरांनी भरलेल्या राहिल्या. घर, शाळा, कारखाना, दवाखाना, रेल्वेस्थानक, कुठेही पाहावे तर ट्रॅक्टर चालवणारी तरुणी, भट्टीसमोरचा पोलाद कामगार, पुस्तक उंचावणारी मुले आणि त्या सगळ्यांवर माओंचा तेजस्वी चेहरा. इतकी स्वस्त चित्रे इतक्या सातत्याने लोकांच्या घरापर्यंत पोहोचवणाऱ्या राजवटी जगात थोड्याच झाल्या. आज ही पोस्टर्स संग्रहालयांत आहेत, लिलावांत आहेत आणि पर्यटकांच्या पिशव्यांतही आहेत. त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू होऊन तीसेक वर्षे झाली. त्या अभ्यासातला मूळ प्रश्न अजून मिटलेला नाही : ही चित्रे नेमकी कशाची साक्ष देतात? सत्तेला काय हवे होते याची, चित्रकारांच्या हाताची, की त्या भिंतींच्या आड राहणाऱ्या माणसांच्या जगण्याची? या प्रश्नाची मांडणी कुठवर आली आहे, ते इथे पाहायचे आहे.

तीन प्रवाहांचा वारसा

चिनी प्रचारपोस्टर ही सोव्हिएत पोस्टरची नक्कल, असा समज बराच काळ होता. अभ्यासकांनी आता तो जवळपास सोडून दिला आहे. सोव्हिएत वाटा आहेच, पण तो नंतर आला. मुळाशी चीनमध्येच रुजलेले तीन प्रवाह होते.

पहिला, नववर्षाच्या छापील चित्रांचा. त्यांना न्येनह्वा म्हणतात. तियानजिनजवळचे यांगलिउचिंग, सुझोऊचे ताओहुआवू, शांडोंगमधले यांगच्याबू अशी त्यांची नावाजलेली केंद्रे होती. लाकडी ठशांवरून छापलेली ही चित्रे वर्षाअखेरीस घरोघर लागत. दारावर द्वारपाल देव, चुलीपाशी चूलदेव, खोलीत गुटगुटीत बाळे आणि मासे. वर्ष सरले की जुने चित्र काढायचे, नवे लावायचे. चित्र विकत घेऊन भिंतीवर लावण्याची सवय खेड्यापाड्यात आधीपासूनच रुजलेली होती. पक्षाला ती घडवावी लागली नाही.

दुसरा प्रवाह शांघायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत सिगारेट, साबण, औषधे विकणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकांना चित्रांची कॅलेंडरे देत, आपल्याकडे दुकानदार दिवाळीला वाटतात तशी. झेंग मानतुओ यांनी कोळशाची बारीक पूड कागदावर घासून वर जलरंग चढवण्याची रीत रूढ केली. त्या रीतीने गालावरची लाली आणि कातडीची मऊ गोलाई फार सुरेख उतरे. हांग झीयिंग यांच्या स्टुडिओत अशा कॅलेंडरांचे काम मोठ्या प्रमाणावर चाले. चित्राकडे पाहणाऱ्याला ती वस्तू हवीशी वाटली पाहिजे, हे कसब या मंडळींच्या बोटांत होते.

तिसरा प्रवाह आधुनिक काष्ठठशांचा. लेखक लू शुन यांनी १९३१ मध्ये शांघायमध्ये तरुण चित्रकारांसाठी आठवडाभराचा वर्ग भरवला. तिथे उचियामा काकिची या जपानी शिक्षकाने ठसे कोरायला शिकवले. जर्मन चित्रकर्ती केथे कोलवित्झ हिची छापचित्रे चीनमध्ये लू शुन यांनीच लोकांसमोर आणली. या वर्तुळातले अनेक तरुण पुढे येनानला, कम्युनिस्टांच्या तळावर गेले. तिथे १९३८ मध्ये लू शुन कला अकादमी उभी राहिली. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये येनानला पोहोचले, तेव्हा ही अकादमी सुरू होऊन जेमतेम वर्ष होत होते.

येनानमध्ये एक गोष्ट घडली आणि तिचे पडसाद पुढे चाळीस वर्षे उमटत राहिले. शहरातून आलेल्या चित्रकारांनी युरोपीय पद्धतीने छायाप्रकाश दाखवत शेतकऱ्यांचे चेहरे कोरले. शेतकऱ्यांनी विचारले, यांचा अर्धा चेहरा काळा का? चित्रकारांना आपली पद्धत बदलावी लागली. गु युआन यांनी घटस्फोटाच्या अर्जाचा प्रसंग एकदा दाट छाया देऊन कोरला होता. तोच प्रसंग त्यांनी १९४३ मध्ये मोकळ्या पांढऱ्या जागेत, स्वच्छ रेषांनी पुन्हा कोरला. दोन्ही ठसे शेजारी ठेवून पाहिले तर दुसऱ्यात न्येनह्वाची रेषा परतलेली दिसते. दरम्यान मे १९४२ मध्ये माओंनी कला-साहित्यावरची आपली प्रसिद्ध भाषणे दिली होती आणि कलेने कामगार, शेतकरी, सैनिक यांच्यासाठी असावे हे धोरण ठरून गेले होते. त्यामुळे या बदलात प्रेक्षकाचा कौल किती आणि पक्षाचा आदेश किती, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

नव्या सत्तेची चित्रे

नोव्हेंबर १९४९ मध्ये, राजवट दोन महिन्यांचीही झालेली नसताना, संस्कृती मंत्रालयाने नवी न्येनह्वा तयार करण्याविषयी सूचना काढली. देव जाऊन त्यांच्या जागी शेतकरी, सैनिक आणि कामगार यायचे होते. शांघायचे कॅलेंडर-चित्रकार याच कामाला लागले. शिन लिलियांग यांचे १९५४ चे पोस्टर पाहावे : घरातली माणसे जेवणाच्या टेबलाभोवती बसली आहेत, भिंतीवर माओंचे चित्र आहे आणि हे सुख त्यांच्यामुळे लाभले असे शीर्षक सांगते. चिन मेइशेंग यांचे त्याच दशकातले भाजीवाल्या शेतकरी स्त्रीचे चित्र तर तुफान लोकप्रिय झाले. टोपलीत रसरशीत भाज्या, चेहऱ्यावर हसू आणि गालांवर तीच कोळशाच्या पुडीची मऊ लाली. पूर्वी जो हात सिगारेटचे पाकीट विकत होता, तो आता सहकारी शेती विकत होता. कलेच्या इतिहासकारांना हा दुवा फार महत्त्वाचा वाटतो आणि माझ्या मते तो आहेही. प्रचार रटाळ असतो हा आपला ग्रह अशा चित्रांपुढे टिकत नाही.

१९५५ ते १९५७ या काळात सोव्हिएत चित्रकार कोन्स्तान्तिन माक्सिमोव्ह यांनी बीजिंगच्या केंद्रीय ललित कला अकादमीत तैलचित्रण शिकवले. ठसठशीत बांध्याचे, पुढे झेपावणारे नायक त्या सुमारास पोस्टरांत वाढले. १९५८ मध्ये सुरू झालेल्या 'मोठी झेप' या उत्पादनवाढीच्या मोहिमेत चित्रांनी प्रमाणच सोडले. माणसाहून मोठे भोपळे, आभाळाला टेकलेल्या धान्याच्या राशी, मक्याच्या कणसावर स्वार झालेली मुले. त्यानंतरच्या तीन वर्षांत देशात जो दुष्काळ पडला, त्यातील मृत्यूंचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. पोस्टरांविषयी काहीही लिहिताना ती चित्रे आणि हे आकडे शेजारी ठेवावे लागतात, आणि तिथेच अभ्यासकांच्या वाटा फुटतात.

त्याच काळातले १९५९ चे, चित्रकार हा छ्योंगवेन ('हा' हे आडनाव) यांचे पोस्टर मला या सगळ्या परंपरेतले सर्वांत देखणे वाटते. छिपाओ हा चिनी झगा घातलेली एक आई, तिच्या खांद्यावर मूल, भोवती गुलाबी फुलांचा सडा. खाली माओंच्या दीर्घायुष्याची घोषणा आहे, पण माओ चित्रात कुठेच नाहीत. ती दोघे कुणाकडे पाहताहेत हे प्रेक्षकाने ओळखायचे. सांस्कृतिक क्रांतीत याच चित्रावरून हा छ्योंगवेन यांच्यावर टीका झाली. तेव्हा ज्यात माओ दिसत नाहीत, त्या जयघोषाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले होते.

सांस्कृतिक क्रांती आणि नंतर

१९६६ ते १९७६ या दशकावर सर्वांत जास्त लिहिले गेले आहे. लाल, चकचकीत, उजळ अशी शैली, नायकाला सर्वांहून ठळक दाखवण्याचा रंगभूमीवरून आलेला नियम आणि चित्रकाराच्या नावाऐवजी समूहाचे नाव, ही या काळाची लक्षणे.

या काळाचे प्रातिनिधिक चित्र म्हणजे ल्यू चुनह्वा यांचे 'अध्यक्ष माओ आनयुआनला जातात', १९६७ चे. तरुण माओ विद्वानाचा लांब झगा घालून, हातात छत्री घेऊन, ढगांनी भरलेल्या डोंगरातून खाली येत आहेत. आनयुआनच्या कोळसा खाणीतला १९२२ चा संप पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ल्यू शाओची यांच्या नावाशी जोडला गेला होता. होउ यिमिन यांनी १९६१ मध्ये ल्यू शाओची आणि आनयुआनचे खाणकामगार यांचे मोठे तैलचित्रही काढले होते. ल्यू शाओची पदच्युत झाले आणि त्या खाणीचा इतिहास माओंच्या नावे करणे गरजेचे झाले. नव्या चित्राने ते काम केले. १ जुलै १९६८ ला ते रंगीत पुरवणी म्हणून वृत्तपत्रातून वाटले गेले. नव्वद कोटींहून अधिक प्रती निघाल्याचे सांगितले जाते. पुढे १९९५ मध्ये मूळ चित्र लिलावात एका सरकारी बँकेने विकत घेतले आणि मालकीचा वाद न्यायालयात गेला. सामूहिक निर्मिती म्हणून जाहीर झालेल्या चित्राचा मालक कोण, हा प्रश्न त्या घोषणेने मागे ठेवलाच होता.

चित्रकाराला या व्यवस्थेत किती मोकळीक होती, ते शेन च्यावेइ यांच्या १९७४ च्या चित्रावरून कळते. उत्तरेच्या सीमेवरच्या टेहळणी बुरुजावर उभे असलेले सैनिक त्यांनी रंगवले. राष्ट्रीय प्रदर्शनाआधी दुसऱ्या चित्रकारांनी त्या सैनिकांचे चेहरे अधिक भरलेले आणि अधिक लालसर करून टाकले. तेच चित्र पोस्टर होऊन देशभर गेले.

माओंच्या १९७६ मधल्या निधनानंतर पोस्टर संपले नाही, त्याचे विषय बदलले : विज्ञान, चार आधुनिकीकरणे आणि मग एक मूल धोरण. जुन्या न्येनह्वात गुटगुटीत मुलगा असे. एक मूल धोरणाच्या पोस्टरांत पुष्कळदा मुलगी दिसते, कारण मुलगाच हवा हा हट्ट मोडायचा होता. पुढे घराघरांत टीव्ही आला आणि छापील पोस्टरांचे महत्त्व झपाट्याने ओसरले. तरीही २०१३ मध्ये 'चिनी स्वप्ना'च्या मोहिमेत तियानजिनच्या परंपरेतली मातीची, लाल कपड्यातली छोटी मुलगी शहराशहरांत कुंपणांवर झळकली. पक्ष पुन्हा लोककलेकडे वळला, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकांनी लगेच टिपली.

मतांची मांडणी

पहिली भूमिका पोस्टरांना सत्तेचे साधन मानते. डच अभ्यासक स्तेफान लान्ड्सबर्गर यांचे १९९५ चे पुस्तक या विषयाचा पाया आहे. कोणत्या धोरणासाठी कोणती चित्रे आली, आदर्श व्यक्तींच्या प्रतिमांतून कोणते वर्तन लोकांकडून हवे होते, हे त्यांनी तपशिलाने मांडले. या भूमिकेचे बळ तिच्या पुराव्यात आहे. पोस्टरच्या खालच्या कडेला प्रकाशक, महिना, छपाईची आवृत्ती, प्रती आणि किंमत बारीक अक्षरांत दिलेली असते, आणि त्यावरून मोहिमांचे वेळापत्रक जुळवता येते. मर्यादा अशी की पाठवणारा दिसतो, घेणारा दिसत नाही. लान्ड्सबर्गर यांना ही मर्यादा ठाऊक होती असे वाटते, कारण १९९६ मध्ये त्यांनीच माओंच्या तसबिरीला घरात चूलदेवाची जागा कशी मिळाली यावर लिहिले. ती तसबीर कुठे लावायची, फाटली तर काय करायचे, याचे सोवळे लोक पाळत होते.

दुसरी भूमिका कलेच्या इतिहासकारांची. ज्युलिया अँड्र्यूज यांनी १९४९ ते १९७९ या काळातले चित्रकार, अकादम्या आणि पक्षाची यंत्रणा यांचे संबंध उलगडले. एलेन जॉन्स्टन लेइंग यांनी शांघायची कॅलेंडरे आणि शेतकरी चित्रकार यांवर काम केले. शाआन्शी प्रांतातल्या हूश्येनच्या शेतकऱ्यांची चित्रे १९७३ मध्ये बीजिंगमध्ये मांडली गेली आणि पुढे परदेशांतही गाजली. नांगर सोडून कुंचला धरलेला शेतकरी, अशी त्यांची ओळख करून दिली गेली. या चित्रांमागे प्रशिक्षित चित्रकारांचा हात होता, हे लेइंग आणि राल्फ क्रोइझियर यांच्या संशोधनातून पुढे आले. यातून चित्रे खोटी ठरत नाहीत, पण 'लोकांची कला' या दाव्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

तिसरी भूमिका सामाजिक इतिहासाची, आणि इथे वाद सर्वांत फलदायी झाला आहे. हॅरिएट एव्हान्स आणि स्टेफनी डोनाल्ड यांनी १९९९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठाचा संग्रह हाताशी घेऊन पोस्टरांतली संदिग्धता शोधली. त्यातच चेन श्याओमेइ यांनी पोस्टरांच्या सहवासात वाढल्याच्या आठवणी लिहिल्या. त्या चित्रांनी आपल्याला घडवले, त्यांतल्या स्त्रियांनी मोठी स्वप्ने दाखवली, असे त्या सांगतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्या 'पोलादी मुली' हे या वादाचे केंद्र. एमिली हॉनिग आणि गेल हर्शॅटर यांनी स्त्रियांच्या तोंडून जे ऐकले त्यात दोन्ही बाजू आहेत : अवजड काम केल्याचा खरा अभिमान, आणि त्याच कामासाठी पुरुषांहून कमी मिळालेले, मजुरी ठरवणारे कामाचे गुण, शिवाय रात्री वातीच्या उजेडात शिवणकाम. पोस्टरमध्ये दिवसाचे काम आहे, रात्रीचे नाही. मला वाटते, या एका निरीक्षणाने पोस्टरांकडे पाहण्याची रीत सर्वांत जास्त बदलली.

चौथी भूमिका अनुभवाची. बार्बरा मिटलर यांनी सांस्कृतिक क्रांतीच्या कलेचा लोकांनी आनंदही घेतला आणि ती जुन्या परंपरांशी जोडलेली होती, असे मुलाखतींच्या आधारे मांडले. यावर आक्षेप असा की त्या दशकातल्या हिंसेचे वजन त्यामुळे कमी होते. आक्षेप गंभीर आहे. मात्र एकाच घरात भीती आणि गोडी दोन्ही नांदू शकतात, हेही मुलाखतींतून नाकारता येत नाही. लाइक्वान पांग यांनी २०१७ मध्ये नक्कल हाच त्या काळाचा सर्जनशील व्यवहार होता असे सुचवले. कारखान्यातला हौशी चित्रकार नमुन्यांच्या पुस्तिकेतून आकृत्या उचलून फळ्यावर उतरवी, त्या कामाला यातून प्रथमच गंभीर दखल मिळाली.

संग्रह, बाजार आणि निसटलेले कागद

अभ्यास ज्या कागदांवर उभा आहे ते कागदच एकांगी आहेत. सप्टेंबर १९७१ मध्ये माओंचे घोषित वारसदार लिन ब्याओ विमान अपघातात मेले आणि देशद्रोही ठरले. त्यानंतर त्यांची पोस्टर्स रद्दीत गेली, काहींत चेहरा खोडला गेला. १९६६ च्या ऑगस्टपासून जुनी न्येनह्वा आणि त्यांचे ठसे आगीत पडले. मोठी परदेशी संकलने १९७० च्या दशकात आणि नंतर जमली. त्यामुळे माओकाळाच्या अखेरची पोस्टर्स भरपूर मिळतात, १९५० च्या दशकातली कमी. 'चिनी पोस्टर म्हणजे लाल, आक्रमक' ही जगभरची समजूत काही अंशी या संकलनाच्या अपघातातून आली आहे. शांघायमध्ये यांग पेइमिंग यांनी एका निवासी इमारतीच्या तळघरात उभारलेले खाजगी संग्रहालय हा समतोल थोडा साधते.

बाजाराने वेगळा गुंता केला. पाश्चात्त्य कलाजगतात अँडी वॉरहोलने १९७२ पासून माओंचा चेहरा छापायला घेतला. वांग ग्वांगयी यांनी १९९० पासून पोस्टरांतले कामगार आणि परदेशी ब्रँडची बोधचिन्हे एकाच चित्रात आणली. आता नव्याने छापलेल्या प्रती पर्यटनस्थळी ढिगाने मिळतात. ज्या घरात या काळाने माणूस हिरावून नेला, त्या घराला ही सजावट कशी वाटत असेल, हा प्रश्न संग्राहक क्वचितच विचारतात. चीनमध्येही यावर मोकळी चर्चा अवघड आहे. पक्षाने १९८१ च्या ठरावात सांस्कृतिक क्रांतीला गंभीर चूक म्हटले आणि विषय बंद केला.

उरलेले प्रश्न

तीन प्रश्न मला ठळकपणे खुले दिसतात. पहिला, प्रेक्षकाचा प्रतिसाद. १९५० च्या दशकात खेडुतांनी देव नसलेली नवी न्येनह्वा नाकारली, असे चांग-ताय हुंग यांनी दाखवून दिले आहे. मग त्याच खेड्यांत वीस वर्षांनी माओंची तसबीर चूलदेवाच्या जागी कशी बसली? धाक, श्रद्धा, सवय, की दुसरे काही मिळतच नव्हते म्हणून? अजून याचे समाधानकारक उत्तर नाही. दुसरा, प्रांतांचा. आपले बहुतेक ज्ञान शांघाय आणि बीजिंगच्या प्रकाशनांवर बेतलेले आहे. तिबेट, शिनच्यांग, युनान इथल्या अल्पसंख्याकांना पोस्टरांत रंगीत वेशात नाचताना दाखवले, पण ही चित्रे त्यांनी स्वतः कशी पाहिली हे कोणी फारसे विचारलेले नाही. तिसरा, गुणवत्तेचा. एखादे चित्र असत्य सांगत असेल आणि तरी सुंदर असेल, तर समीक्षकाने काय म्हणावे? कलेचे इतिहासकार सौंदर्याकडे झुकतात, राजकीय इतिहासकार असत्याकडे. हा छ्योंगवेन यांच्या चित्रापुढे मी दोन्ही गोष्टी म्हणेन आणि त्यातली एकही मागे घेणार नाही.

या तिन्हींत पहिला प्रश्न सर्वांत तातडीचा आहे. कागद आता बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. पुष्कळ संग्रहांच्या सूची झाल्या आहेत, उरलेल्या पुढेही करता येतील. पण १९६६ मध्ये विशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. चिनी भाषा जाणणाऱ्या आणि चीनबाहेर स्थायिक झालेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या अभ्यासकांनी आधी त्यांच्याकडे जावे, त्यांच्या घरात कोणते चित्र होते, ते कुणी आणले, कुठे लावले आणि कधी काढले, एवढे तरी विचारून लिहून ठेवावे.